डोंग्यातली पेटी

मी भंडाऱ्याला मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पहिल्याच तासाला त्यांना बजावून सांगते की यंत्र बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर बदलली असेल तर सेलला हात लावू नका, सेल बदलला असेल तर प्रोग्राम उघडू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कारण कोणतं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मुलं माना डोलावतात आणि प्रयोगाला बसली की हाताला येईल ते सगळं एकदम बदलतात. मग मी चिडते. माझ्या चिडण्याची त्यांना इतकी सवय झाली आहे की मी एखाद्या दिवशी शांत राहिले तर ती काळजीत पडतात.

हे सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी मी स्वतः एक पेटी दुरुस्त करत बसले होते, आणि मुलांना शिकवलेलं सगळं पाठ असूनही मला ती दुरुस्त होत नव्हती.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीकडच्या बाजूला. घरामागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, बाहेर पडलं की धानाच्या बांध्या लागतात, बांध्या संपल्या की तलावाची पाळ. बाबा जन्मभर याच तलावावर मासे धरत आले. आमच्या मोहल्ल्यातली बहुतेक घरं तेच करतात. प्रत्येकाचा आपला डोंगा, एका लाकडाचा, अरुंद, माणूस जरा कलला की तोही कलणारा. त्यात बसायला शिकावं लागत नाही असं बाबा म्हणतात, पण ते खोटं आहे. मी लहानपणी दोनदा पडले आहे.

मी पेटी केली त्याच्या आदल्या पावसाळ्यात बाबाच पडले. जाळं ओढता ओढता चक्कर आली आणि ते तसेच पाण्यात गेले. नशिबानं शिंगाड्याच्या वेली जवळ होत्या आणि माझे चुलतकाका त्यांच्या डोंग्यात हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी सदऱ्याला धरून बाबांना वर घेतलं. साकोलीच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या आणि पाण्यावर एकटं जाऊ नका म्हणून सांगितलं. आता तलावावर दुकटं कोण जातं? सगळे एकेकटेच जातात. त्यातून बाबांची आवडती जागा टेकडीमागच्या वळणात, जिथे मरळ सापडते आणि जिथून ते कुणालाच दिसत नाहीत.

मी घरी येऊन त्यांना सांगितलं की आता पाणी सोडा. मी कमावते, दोघांचं पोट भरतं, कशाला जिवावर उदार व्हायचं. ते भांडले नाहीत. सपरीत, म्हणजे मागच्या पडवीत, जाळं घेऊन बसले. मी दर रविवारी यायची तेव्हा ते जाळं विणताना दिसायचे. एकदा मी जवळ जाऊन पाहिलं, तर ते न फाटलेलं जाळं उसवून पुन्हा विणत होते.

"बाबा, हे तं चांगलं आहे," मी म्हटलं.

"मंग पान्यावर नाही जायचं तं काय करू वो? सपरीत बसून माशा मारू?"

ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. जेवण कमी झालं होतं, मान खाली घालून बसायचे, संध्याकाळी पाळीवर जाऊन उगाच उभे राहायचे. आईला मी माय म्हणते. ती मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाली, "डोंगा उलटा पडला तं हा मानूस घरात नाही टिकनार, सांगून ठेवतो तुले." आमच्याकडे कुणी पाणी कायमचं सोडलं की त्याचा डोंगा पाळीवर उलटा करून ठेवतात. बाबांचा अजून सुलटाच होता, फक्त रिकामा.

तेव्हा मी पेटीचं काढलं. मोबाइल का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. बाबांचे दोन मोबाइल तलावानं घेतले आहेत, टेकडीमागे नेटवर्क मिळत नाही, आणि चक्कर आलेल्या माणसानं नंबर शोधत बसायचं का? मला असं काही हवं होतं की बाबांनी काहीच केलं नाही तरी घरी कळावं. म्हणून दोन पेट्या बनवल्या. प्रत्येकीत एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे पेटीचं डोकं, आणि त्याला जोडलेलं एक रेडिओ मॉड्यूल, म्हणजे तोंड आणि कान. एक पेटी डोंग्यात, एक घरी सपरीत. डोंग्यातली पेटी थोड्या थोड्या वेळानं 'मी आहे' असं घरी कळवणार. घरची पेटी आपला दिवा लुकलुकवून 'ऐकलं' असं उत्तर धाडणार, आणि ते पोचलं की डोंग्यातली पेटी हिरवा दिवा लावून टिक् असा आवाज करणार. बाबांनी लाल बटण दाबलं किंवा त्यांची पेटी गप्प झाली, की घरी भोंगा वाजणार.

बाबांशी मी करार केला. दिवाळीपर्यंत पेटी नीट चालली तर तुम्ही पाण्यावर जा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही चालली तर डोंगा उलटा. तोवर टेकडीमागे जायचं नाही, काकांच्या नजरेसमोरच राहायचं. त्यांनी माझ्या हातावर हात मारला. त्यांचा चेहरा तेव्हा जसा उजळला तसा मी माझ्या नोकरीच्या बातमीनंही उजळलेला पाहिला नव्हता.

पेटी पाळीपर्यंत छान चालली. पाण्यात शिरली की मुकी व्हायची.

मी आठवडाभर भंडाऱ्याला असते. रोज संध्याकाळी जेवण झालं की घरी फोन लावायची. फोन मीच लावते. माय स्वतःहून कधी करत नाही. सोबत राहणाऱ्या शिक्षिकांच्या आया दिवसातून दहादा करतात, पोरी वैतागतात. माझी माय नाही. मी केला की पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलते, तेवढंच. याचं मला वाईट वाटायचं, पण असल्या गोष्टी बोलून दाखवायची आमच्या घरात रीत नाही. तर फोन माय उचलायची, बाबांना द्यायची आणि बाबा सांगायचे, "आजबी नाही बोलली तुयी पेटी. पाळीवर बोलली, मंग चूप."

"भोंगा वाजला का घरी?"

"तुयी माय मनते नाही वाजला."

हे मला फार खटकलं. डोंग्यातल्या पेटीचा आवाज घरी पोचत नसेल तर घरी भोंगा वाजायला हवा. म्हणजे दोन ठिकाणी बिघाड. मी रविवारची वाट पाहू लागले.

रेडिओ मॉड्यूल हे नखऱ्याचं प्रकरण असतं. बोलताना ते एकदम मोठा घोट वीज पितं, आणि तेवढी वेळेवर मिळाली नाही की अर्ध्या शब्दात अडखळतं. म्हणून पहिल्या रविवारी मी त्याच्या पायांशी एक कपॅसिटर जोडला. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटा रांजण, गरजेला हाताशी असावा म्हणून. पाळीवर उभी राहून पाहिलं तर झकास चाललं. सोमवारी फोनवर बाबा म्हणाले, नाही बोलली. पुढच्या रविवारी सगळ्या सैल वायरी काढून जोड सोल्डरचे डाग देऊन पक्के केले. पाळीवर झकास. सोमवारी नाही बोलली. मग वाटलं, ग्रामपंचायतीचं वायफाय मध्ये येत असेल. चॅनल बदलला. मग बोलण्याचा वेग कमी केला, कारण हळू बोललेलं लांबवर ऐकू येतं. मग स्वतःच बाबांबरोबर डोंग्यात बसले. पेटी मी मागच्या टोकाला बसवली होती, पुढे जाळ्यांची गर्दी असते म्हणून. पाळ सुटेपर्यंत टिक् टिक् चाललं होतं. आम्ही जरा आत गेलो आणि ती गप्प झाली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन, पाय आखडून, दिसेल तो आकडा वाचत बसले. पाठवलं, उत्तर नाही. पाठवलं, उत्तर नाही. परत येताना पाळीजवळ आलो तशी बया पुन्हा बोलायला लागली.

जमिनीवर चालते, पाण्यावर चालत नाही. गुन्हेगार पाणीच, मला खात्री पटली. पुस्तकं काढली. पाण्यावरून जाणारी लहर पाण्यावर आपटून वर येते आणि सरळ आलेल्या लहरीला मारते, अँटेना बुटका असला तर फारच. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी वर्गात कुणावर चिडले नाही. घरच्या पेटीचा अँटेना बांबूला बांधून कौलांच्या वर चढवला. डोंग्यातही एक काठी उभी केली. चुलतकाका त्यांच्या डोंग्यातून ओरडले, "काय वो, निवडनुकीले उभा रायला का तुया बाप? झेंडा लावला डोंग्याले."

झेंडा लावूनही पेटी पाण्यावर मुकीच राहिली.

दिवाळी जवळ येत चालली. धान लोंबीवर आलं होतं. एका संध्याकाळी मी बाबांना पाळीवर डोंग्याच्या बुडाला हात लावताना पाहिलं, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. दुसऱ्यांच्या मुलांना यंत्र दुरुस्त करायला शिकवणारी बाई आपल्या बापाची एक पेटी बोलती करू शकत नाही. मायला मी एकदोनदा विचारलं होतं, घरच्या पेटीचा दिवा लागलेला असतो ना? ती म्हणायची, "मले काय समजते त्यातलं?" आणि चुलीकडे वळायची. तिला खरंच समजत नसेल असं धरून मी पुढे काही विचारलं नाही.

मग एका रविवारी माझ्या पायाला काटा लागून तो सुजला. डोंग्यात जाणं जमणार नव्हतं. बाबा एकटे गेले आणि मी सपरीत घरच्या पेटीशेजारी उत्तरपत्रिका घेऊन बसले. आज काही करून पाहायचं नव्हतं, बदलायचं नव्हतं. सकाळभर दिवा लुकलुकत राहिला. बाबा पाळीवर, दिवा. बाबा पाण्यात, दिवा. बाबा तलावाच्या मध्यावर असतील तेव्हाही दिवा. एकही निरोप चुकला नाही.

माय मात्र त्या दिवशी बेचैन होती. आत जायची, बाहेर यायची, पाण्याचा रिकामा पितळी गुंड उचलून पुन्हा तिथेच ठेवायची.

"बंद करून टाक ना ते," ती एकदा म्हणाली.

"काहून? आज तं चालून राहिलं."

ती दारात उभी राहून बांध्यांकडे पाहत राहिली. मला वाटलं, दिव्याची लुकलुक तिला आवडत नसेल.

दुपारी बाबा आले ते खुशीत. "आज लय बोलली. घरी येऊ देईना, टिक् टिक् टिक्." मलाही आनंद झाला, पण तो बसस्टँडपर्यंतच टिकला. न दुरुस्त करता सुरू झालेलं यंत्र बिघडलेल्या यंत्रापेक्षा वाईट. साकोलीच्या स्टँडवर लाखांदूरची गाडी लागली होती, माझ्या गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी मुलांना सांगते तेच स्वतःला सांगितलं. आज काय बदललं? पाणी तेच, अँटेना तोच, डोंगा तोच, बाबा तेच, वेळ तीच. बदलले होते फक्त मी. एरवी मी पाण्यावर किंवा भंडाऱ्याला असायची. आज मी घरात होते. म्हणजे एरवी घरात कोण असायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

तरी मला पटेना. मायबद्दल असं मनात आणताना लाज वाटली. आठवडाभर मी ते कुणाला बोलले नाही. फोनवर बाबा रोज सांगत राहिले, "नाही बोलली," आणि फोन त्यांच्या हातात द्यायच्या आधी माय रोजच्यासारखं विचारत राहिली, तब्येत कशी आहे, थंडी पडली का तिकडे.

पुढच्या रविवारी मी बाबांबरोबर डोंग्यात बसले. पेटी नेहमीसारखी पाळीजवळ बोलली, आत गेल्यावर गप्प झाली. मी बाबांना म्हटलं, मला पलीकडे जांभळाशी उतरवा, पायी जाते, पाय मोकळा करायचा आहे. त्यांनी डोंगा वळवला. मी पाळीवरून चालत, मोहल्ल्याला वळसा घालून पुढच्या दारानं, आवाज न करता घरात आले.

माय सपरीत बसली होती. पेटीचा प्लग भिंतीच्या बोर्डातून काढलेला होता आणि वायरीचं टोक तिनं मांडीवर, पदरात धरलं होतं. नजर पाळीकडे. ती काही करत नव्हती. हातात निवडायला तांदूळ नव्हते, विणायला काही नव्हतं. मी अशी मोकळी बसलेली माय कधी पाहिली नव्हती.

माझा पारा चढला. घरात मी सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला.

"माय, तू बंद करतेस? तूच?"

तिनं दचकून पाहिलं, पण प्लग सोडला नाही.

"बाबा पान्यात पडले तं भोंगा कसा वाजन? काका नसते त्या दिवशी तं काय झालं असतं, मालूम आहे का तुले?"

"मालूम आहे," ती म्हणाली. "म्हनूनच."

"म्हनूनच काय?"

"पान्यावरच्या मान्साले घरून हाक मारत नाही. तुले नाही मालूम का? तू याच घरातली आहेस ना?"

मला मालूम होतं. लहानपणी बाबांची शिदोरी घेऊन मीच पाळीवर जायची. जायचं, उभं राहायचं, पण हाक मारायची नाही, अशी सक्त ताकीद असायची. बाबांचं लक्ष जाईल तेव्हा जाईल. ते स्वतःच तिकडून 'हो' असा लांब आवाज द्यायचे, तोवर पायाला मुंग्या आल्या तरी गप्प राहायचं. कारण विचारलं तर कुणी सांगायचं, हाक ऐकून माणूस मागे वळतो, माणूस वळला की डोंगा कलतो. म्हातारे दुसरं सांगायचे. पाण्यावर हाका मारणारे आणखीही असतात म्हणे, आणि घरच्या हाकेला ओ द्यायची सवय लागली की माणूस त्यांनाही ओ देऊन बसतो. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात पाण्यावरचा हाक मारतो, काठावरचा ऐकतो. उलटं कधी होत नाही. मी हे सगळं ऐकत वाढले होते. पण टिक् करणारा एक नखाएवढा आवाज म्हणजे घरून गेलेली हाक, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ते घरी येऊन सांगतात," माय म्हणाली, "टिक् वाजली का मी पाहतो मागं. हरेक बार मागं पाहतात. एक डाव पडले मान्साचं डोकं गरगरून, अन् तू त्यायले सकाळभर मागून हाका मारून रायली."

मी डोंग्यात शेजारी बसले होते. बाबा दर टिक्ला मागे मान वळवत होते, हे मीही पाहिलं होतं. मला ते कौतुक वाटलं होतं. पेटी मागच्या टोकाला मीच बसवली होती. त्या रिवाजामागे कुणाचं शहाणपण होतं की नुसती भीती, मला सांगता यायचं नाही. पण मायची भीती खरी होती, आणि तिनं ती एकटीनं, रोज, प्लग मांडीवर धरून सांभाळली होती.

"मले सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगतलं असतं तं तू हसली असती."

मी हसले असते. नंतर समजावून सांगितलं असतं, त्याहूनही वाईट.

"अन् पेटी नाही चालली तं डोंगा उलटा, हेबी मालूम होतं ना तुले?"

यावर तिचे डोळे भरले. "होतं ना. म्हनून तं नीज नाही येत मले. चालू ठेवली तं तेयच्या जिवाले भेव, बंद केली तं डोंगा जाते. मी काय करावं, तूच सांग."

बाबा अजून पाण्यावर होते. मी प्लगकडे हात केला, "लावू का आता?" ती म्हणाली, "नको. येतील ते." मी तिच्याशेजारी बसले. पेटी बंद, दिवा बंद, दोघी नुसत्या पाळीकडे कान लावून. बांध्यांतून वारा जायचा, कुठे बगळा उडायचा, आणि दर वेळी वाटायचं, आला आवाज. तो यायचा नाही. मी भंडाऱ्याला शिकवत असते तेव्हा ही बाई रोज असा वेळ काढते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. भोंगा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं मानणारी मी आणि काहीही वाजत नसताना ऐकत बसणारी ती. शेवटी पाळीकडून तो लांब 'हो' आला. माय उठली, प्लग लावला आणि चूल फुंकायला गेली.

त्या दुपारी जेवल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, मायसमोर. ते मायकडे पाहून म्हणाले, "मले बोलायचं ना," आणि ती म्हणाली, "तुमाले बोलली असती तं तुमी पोरीले सांगतलं असतं." त्यावर बाबा खो खो हसले. इतक्या महिन्यांत ते असे हसले नव्हते.

दुरुस्ती सोपी होती, मन मात्र तयार होईना. घरच्या पेटीचं उत्तर देणं बंद करायचं. प्रोग्राममधली एक ओळ. पण शिकवताना मी नेमकं उलटं सांगते. उत्तर येत नसेल तर आपलं बोलणं पोचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून मी आणखी एक केलं. डोंग्यातल्या पेटीनं प्रत्येक निरोप एकदाच न पाठवता पुन्हा पुन्हा पाठवायचा, म्हणजे एखादा हुकला तरी दुसरा पोचेल. टिक् काढून टाकली. हिरवा दिवाही काढला. घरी मात्र दिवा आणि भोंगा तसाच ठेवला.

"बाबा, आता तुमाले काही कळनार नाही," मी सांगितलं. "घरी आयकू आलं की नाही, काहीच नाही कळनार."

ते जाळ्याची गाठ दातानं ओढत म्हणाले, "ते कशाले पाह्यजे? आयकनारी घरी बसली आहे ना."

माय आतून ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं प्लगला हात लावला नाही.

पेटी चालली. काकांच्या नजरेसमोर चालली, नजरेआड चालली, आणि मग मी टेकडीमागे जायलाही हो म्हटलं. तिथे निरोप अधूनमधून हुकायचे, पण सगळेच हुकायचे नाहीत. खरी परीक्षा झाली ती दिवाळीच्या दोनचार दिवस आधी, मी सुटीवर घरी असताना. सकाळी भोंगा वाजला. लाल बटण. मायच्या हातातलं भांडं पडलं. ती मोहल्ल्यातल्या दोघांना हाक मारत पदर खोचून बांध्यांच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, धावत सुटली, मी मागे धापा टाकत. पाळीवर पोचलो तर बाबा डोंगा वळवून काठाकडेच येत होते, ताठ बसलेले, आणि दुरूनच अंगठा तळहातावर घासून दाखवत होते. तंबाखूची डबी घरी राहिली होती.

मायनं पाळीवर उभं राहून त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. मी रागवायला हवं होतं, पण मी पाळीवर खाली बसून हसत सुटले आणि हसता हसता रडले. बटण दाबल्यापासून आम्ही पाळीवर पोचेपर्यंत काकांनी आपलं जाळं अर्धंही गोळा केलं नव्हतं, इतक्या लवकर आम्ही आलो होतो. बाबा म्हणाले, "मंग? चालते ना पेटी?" करार मी पाळला. डोंगा सुलटाच राहिला.

सुटी संपवून मी भंडाऱ्याला परत आले. पहिल्याच संध्याकाळी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मायनं उचलला. बाबा जाऊन आले का, मासे काय मिळाले, हे बोलून झालं. मग मी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"माय, तू मले कधी फोन काहून नाही करत?"

मागे बाबांचा खोकण्याचा आवाज आला, भांडं सरकल्याचा आवाज आला.

"तू बाहेर कामावर राहतेस," ती म्हणाली. "तुले कायले मागं वळवू?"

फोन कुठे ठेवतेस, एवढंच मी विचारलं. "मांडीवर," ती म्हणाली, "आनखी कोठी?"

आता मी फोन जेवण झाल्यावर लावत नाही. शेवटचा तास संपला की वर्गाच्या पायरीवर उभी राहूनच लावते.